रोह्याचं विरजण

लोकांना वाटतं, पॅथॉलॉजी लॅबमधली बाई म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या लघवीच्या बाटल्या हाताळणारी बाई. खोटं नाही. त्याही हाताळल्या आणि कधी नाक मुरडलं नाही. पण पेणच्या त्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये मी उमेदीची सगळी वर्षं काढली ती रक्तासाठी. रक्ताशी माझं चांगलं जमतं. माणसांशी जमतं की नाही, ते आमच्या घरच्यांना विचारा.

सुई बघितली की माणसाचा खरा स्वभाव बाहेर येतो. मिठागरावर पाठीवरून मिठाची पोती वाहणारा आडदांड गडी माझ्या स्टुलावर बसून डोळे पांढरे करायचा, आणि त्याची फाटक्या अंगाची बायको बाजूला उभी राहून हसायची. पेणजवळच्या जोहे गावचे एक मूर्तिकार यायचे. गणपतीच्या महिन्याभर आधी आले की उजवा हात पुढे करायचेच नाहीत, कारण त्या हाताने डोळ्यांची आखणी करायची असते. मी म्हणायची, अहो, रक्त काढून हात लुळा पडत नाही. ते म्हणायचे, देवाचा डोळा तिरका झाला तर तुम्ही येणार का निस्तरायला? मग मी मुकाट डाव्या हाताची शीर शोधायची.

मी सांगतेय ती नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. विलायतेत एका मेंढीच्या पेशीपासून हुबेहूब तशीच दुसरी मेंढी जन्माला घातल्याचं पेपरात आलं, आणि आमच्या लॅबमध्ये जो येईल तो मलाच त्याचा खुलासा विचारायला लागला. बाजारातले एक व्यापारी शुगर तपासायला आले होते. त्यांनी गंभीरपणे विचारलं की अशी त्यांची एक नक्कल निघेल का, म्हणजे एक जण दुकानात बसेल आणि दुसरा घरी आराम करील. मी म्हटलं, आधी वहिनींना विचारून या, मुळात एक तरी हवाय का. त्यानंतर ते बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

जनुकं, मूळपेशी, स्टेम सेल हे शब्द तेव्हा आम्हाला पेपरातूनच कळत होते. पेणला त्याचं काय काम, असं मलाही वाटायचं. मग यमुना आली आणि ते सगळं पेपरातून उठून माझ्या टेबलावर येऊन बसलं. नावं मी बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसं सांगते.

यमुना वडखळच्या पलीकडे, खाडीकाठच्या गावातली. नवरा नारायण मिठागरावर कामाला, भरती साधून खाडीत मासे मारणारा. त्यांची मुलगी कविता, सात वर्षांची. गाल फिकट, पोट पुढे आलेलं, डोळे मात्र टपोरे आणि चौकस. तिला थॅलेसेमिया होता, आणि तोही मोठा. म्हणजे काय, तर शरीरात तांबडं रक्त नीट तयारच होत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवायचं. ते चढवलं की पोर चार दिवस हसते-खेळते, मग पुन्हा मलूल. आणि त्या चढवलेल्या रक्तातलं लोह साठून साठून हळूहळू हृदय आणि यकृत निकामी करतं. औषधं असतात, पण ती तेव्हा मिठागरावरच्या माणसाच्या आवाक्यातली नव्हती. अशी मुलं फार दिवस काढत नाहीत, हे यमुनेला कोणी स्पष्ट सांगितलं नव्हतं. ती खुळी नव्हती. तिला कळलं होतं.

गावात सगळ्यांना एकच कोडं. आई ठणठणीत, बाप ठणठणीत, मग पोरीला हे आलं कुठून? कोणी म्हणालं बाहेरची बाधा, कोणी म्हणालं बाळंतपणात खाण्यात काही आलं. मी यमुनेला माझ्या पद्धतीने सांगितलं. रक्त तयार करायची कृती प्रत्येकाकडे दोनदा असते, एक आईकडून आलेली, एक बापाकडून आलेली. एक बिघडली तरी दुसरीवर भागतं, माणसाला आयुष्यभर पत्ता लागत नाही. तुझी एक बिघडलेली, नारायणची एक बिघडलेली. कविताच्या वाट्याला नेमक्या दोन्ही बिघडलेल्या आल्या. यात कोणाचं पाप नाही. ती म्हणाली की सासूला हे असंच्या असं येऊन सांगाल का. मी गेले आणि सांगितलं. सासूने चहा दिला, पण पटलं असं म्हणाली नाही.

बिघडलेली एक कृती कोणाकडे आहे, हे शोधायची एक स्वस्त चाचणी असते. मिठाच्या अगदी सौम्य पाण्यात रक्ताचा थेंब टाकायचा, नळी अर्धा तास ठेवायची, मग तिच्यामागे काळी रेघ मारलेला पांढरा कागद धरायचा. साध्या रक्ताच्या पेशी त्या पाण्यात फुटतात, पाणी नितळ लाल होतं, रेघ स्वच्छ दिसते. ज्याच्यात दोष आहे त्याच्या पेशी फुटत नाहीत, पाणी गढूळ राहतं, रेघ दिसत नाही. मग पक्की तपासणी मुंबईला. मिठागरवाल्यांना ही चाचणी फार आवडायची. मिठाच्या पाण्याचं त्यांना वेगळं काही समजावून द्यावं लागत नसे.

कवितावर खरा इलाज एकच होता, आणि तो तेव्हा नवाच होता. तिच्या हाडातला मगज बदलायचा. मटण खाणाऱ्याला नळी माहीत असते. त्या नळीतल्या मगजात रक्त तयार होतं, आणि तिथे मुळाच्या काही पेशी असतात ज्यांच्यापासून बाकीचं सगळं रक्त जन्म घेतं. त्याच त्या मूळपेशी. पोरीचा बिघडलेला मगज औषधाने मारून टाकायचा आणि दुसऱ्या कोणाच्या चांगल्या मूळपेशी शिरेतून आत सोडायच्या. त्या आपल्या आपण हाडं शोधतात आणि तिथे संसार मांडतात. इतक्या वर्षांनीही हे सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. रस्ता कोण दाखवतं त्यांना?

पण कोणाच्याही पेशी चालत नाहीत. जुळाव्या लागतात. आईकडे जुळणीच्या खुणांची दोन गाठोडी असतात, बापाकडे दोन. प्रत्येक पोराला आईचं एक मिळतं, बापाचं एक. दोन सख्ख्या भावंडांना नेमकी तीच दोन मिळाली तर जुळलं, म्हणजे चारात एक संधी. मुंबईच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं की सगळ्या सख्ख्या भावंडांचं रक्त पाठवा. मी यमुनेला विचारलं, कविताला भाऊ-बहीण किती? ती म्हणाली, दोन मोठे भाऊ. एवढंच. बोलताना पापणीही हलली नाही.

पहिल्या खेपेला जी गंमत झाली ती सांगितलीच पाहिजे. या तपासणीला रक्तातल्या पांढऱ्या पेशी जिवंत लागतात. रक्त गार करायचं नाही, घरातल्या हवेत असतं तसंच ठेवायचं आणि त्याच दिवशी मुंबईला पोचवायचं. मी हे नारायणला दोनदा सांगून नळ्या त्याच्या हाती दिल्या. तो माणूस जन्मभर खाडीत. किमती माल बर्फाशिवाय टिकतो, हे त्याच्या डोक्यात बसेचना. वडखळच्या नाक्यावर ओळखीच्या मासेवाल्याकडून बर्फ घेतला, डबा भरला, त्यात नळ्या नीट पुरल्या आणि एसटीत बसला. मुंबईला पोचला तेव्हा सगळ्या पेशी मेलेल्या. परत येऊन तो मलाच म्हणाला, "बाई, पापलेट असतं तर ताजं राहिलं असतं." मी चिडणार होते, पण त्याचं तोंड बघून मला रागवता येईना. दुसऱ्या खेपेला नळ्या टॉवेलात गुंडाळून माझ्या पर्सेत ठेवल्या आणि मीच गेले.

दोघांपैकी एकाही भावाचं जुळलं नाही. मी यमुनेला सांगितलं तेव्हा ती कविताच्या केसांना तेल लावत होती. तिचा हात थांबला नाही. वेणी पुरी घातली, रिबीन बांधली, पोरीला बाहेर खेळायला पाठवलं आणि मग भिंतीला टेकून रडली. मला रडणाऱ्या माणसाशी काय बोलावं ते कधीच सुचत नाही. मी तिच्या चुलीवरचं दूध उतू जाण्याआधी उतरवलं, तेवढीच माझी मदत.

आमचे डॉक्टर म्हणाले, नातेवाइकांची तरी तपासणी करून घ्या, म्हणजे पुढच्या लग्नांत दोन दोषवाले एकत्र यायचे नाहीत. यमुनेची धाकटी बहीण शेवंता रोह्याला राहायची. तिचा नवरा मधुकर धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा. त्यांना एकच मुलगा, अमोल, नऊ वर्षांचा. मी दर गुरुवारी रोह्याला नमुने गोळा करायला जायची, तेव्हा तिघांनाही बोलावलं. शेवंता ठसठशीत, बोलकी, पोराला क्षणभर नजरेआड होऊ न देणारी. पोराला सुई टोचताना तिने स्वतःचे डोळे मिटून घेतले.

पेणला येऊन मी तिन्ही नळ्या लावल्या. शेवंताची रेघ स्वच्छ. मधुकरची स्वच्छ. अमोलची नळी गढूळ, रेघ दिसेना.

मला वाटलं नळ्यांची अदलाबदल झाली. पुन्हा लावल्या, तेच. काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पोराच्या पेशी लहानसर, फिकट, मधे ठिपका असलेल्या, दोषाच्या घरात असतात तशाच. आईबापांच्या छान गोल. आता हे होऊच शकत नाही. बिघडलेली कृती आईबापांपैकी एकाकडे असल्याशिवाय पोराकडे येत नाही, हा काही माझा नियम नाही. माझ्या मनात आधी नको ते आलं. मधुकर कंपनीत रात्रपाळीला, शेवंता घरी एकटी... मी स्वतःलाच दटावलं की सुलभा, तू लॅबवाली आहेस, चावडीवर बसलेली नाहीस. आणि अहवाल टेबलाच्या खणात टाकून कुलूप लावलं.

पुढच्या गुरुवारी मधुकर पहिल्या पाळीला गेला होता आणि अमोल शाळेत. मी शेवंताच्या घरी गेले, पाणी प्यायले आणि सरळ विचारलं, हा मुलगा तुमच्या पोटचा का? माझ्या बोलण्याचे कोपरे तासलेले नाहीत, हे मला माहीत आहे. पण आडून विचारलं असतं तर आणखी वाईट दिसलं असतं.

तिने आधी दार लावलं. मग सांगितलं. तिची चार-पाच बाळंतपणं वाया गेली होती. यमुनेला दोन मुलगे होते, तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हाच तिने शब्द दिला की हे शेवंताचं. बाराव्या दिवशी यमुनेने बाळ नारळ-तांदळासकट शेवंताच्या ओटीत घातलं आणि मागे न बघता घरी गेली. त्यानंतर ही दोघं रोह्याला राहायला आली. शेजाऱ्यांना माहीत नाही, अमोलला माहीत नाही. आमच्या भागात ही रीत जुनी आहे. बहिणीने बहिणीला, जावेने जावेला मूल दिलं की ते दिलं. परत मागायचं नाही, माझं म्हणायचं नाही, त्याच्यावरून हातही आईसारखा फिरवायचा नाही. मागितलं तर घेणारीची ओटी रिकामी होते आणि पोरावरही संकट येतं, असं मानतात.

मला त्या रीतीचं काही पडलेलं नव्हतं. मला एवढंच ऐकू आलं की कविताला तिसरा सख्खा भाऊ आहे! मी जवळजवळ ओरडलेच. त्याची एक कृती बिघडलेली असली तरी दुसरीवर भागत होतं, म्हणजे त्याच्या पेशी कविताला चालल्या असत्या. चारात एक संधी अजून शिल्लक होती, आणि ती रोह्यात चौथीच्या वर्गात बसली होती.

शेवंताच्या चेहऱ्यावर मात्र आनंद दिसला नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. म्हणाली, "त्याचं रक्त तिच्यात गेलं की रक्त रक्ताला हाक मारील, बाई. मग त्यो माझा राहील का?" आणि मग, "माझ्याकडं कोणी मागायला तरी आलंय का? यमुना आली का?"

मी पेणला न जाता तशीच वडखळला उतरले आणि यमुनेचं घर गाठलं. मला संताप आला होता. पोटची पोर हातची जातेय आणि ही बाई तिसरा मुलगा आहे हे तोंडातून काढत नाही, असं कसं? मी तिला तसंच सुनावलं. ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं, तिने लपवलं. तसं नव्हतं.

"त्यो आमचा नाय आता, बाई," ती म्हणाली. "त्यांचं दूध प्याला, त्यांचा भात खाल्ला. पोरगी लग्न होऊन गेली की तिचं गोत बदलतं ना, तसं त्याचं रक्तपण त्याच घरचं झालं. तुम्ही भाऊ विचारलेत, मी भाऊ सांगितले."

मी स्टुलावर बसणाऱ्या हजारो माणसांना रक्त समजावलं होतं, पण हा हिशोब मला नवा होता. आणि तिच्या जागी तो अगदी सरळ होता. मी तिला सांगितलं की गोत बदलत असेल, रक्त बदलत नाही. तुझं एक गाठोडं आणि नारायणचं एक त्याच्या प्रत्येक थेंबात आहे, नऊ वर्षं रोह्याचा भात खाऊनसुद्धा. मिठाच्या पाण्यातली त्याची गढूळ नळीच ते सांगते. नारायण दारात बसून जाळं सांधत होता. त्याने सुई खाली ठेवली.

यमुनेला ते समजलं, पण त्याने तिचं संकट वाढलंच. आता तिला कळलं की इलाज कदाचित रोह्याला आहे आणि तो मागण्याचा रस्ता तिने स्वतःच बंद केलेला आहे. ओटीत घातलेलं परत मागायचं नाही. मागितलं आणि अमोलला काही झालं तर? ती म्हणाली, एक पोर वाचवायला मी दुसरं कसं मारू. मी वैतागून म्हटलं, अगं कोणी पोर मागतंय का, चार चमचे मगज मागतोय! पण देणाऱ्याचं काय होतं, पोर लुळं नाही का पडत, असं नारायणने विचारलं. आणि तेव्हा मला, कधी नव्हे ते, वेळेवर सुचलं.

मी विचारलं, "यमुने, शेजारणीकडून विरजण आणतेस ना? तिने चमचाभर विरजण दिलं म्हणून तिचं दही कमी होतं का?"

स्टेम सेल म्हणजे काय, हे मला त्याहून चांगलं आजही सांगता येत नाही. चमचाभर विरजण तुमच्या दुधात पडतं, आणि सगळं भांडं त्याच्या गुणाचं होतं. देणाऱ्याच्या भांड्यात काही कमी होत नाही. अमोलच्या कमरेच्या हाडातून थोडा मगज काढला तर तो काही आठवड्यांत भरून येतो, पोरगा चार दिवस जरा लंगडत चालतो एवढंच. विरजण मागायला कोणी लाजत नाही आणि विरजणाला कोणी नाही म्हणत नाही. मी हे बोलत असताना यमुना उठून लुगडं बदलायला आत गेली होती. तेवढं तिला पुरलं.

त्या दिवशी रोह्याची शेवटची गाडी निघून गेली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला घेऊन निघाले. वाटलं होतं, ऊन उतरायच्या आत पोचू. पण खांब गावाच्या अलीकडे एसटीचं टायर बसलं, आणि कंडक्टर, ड्रायव्हर आणि चार हुशार प्रवासी मिळून ते बदलेपर्यंत सूर्य खाली गेला. यमुना रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होती. एक शब्द बोलली नाही. मी मात्र त्या ड्रायव्हरला पुरेसं बोलले.

शेवंताच्या दारात पोचलो तेव्हा ती देवापुढे दिवा लावून नुकतीच मागे वळली होती. मधुकर पाटावर बसून अमोलची पाढ्यांची उजळणी घेत होता. यमुना उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. अमोलने वर बघून "मावशी आली" म्हटलं, आणि तिने त्याच्याकडे न बघता बहिणीकडे बघितलं.

"शेवंते, इरजण मागायला आलेय."

हिला सगळं सांगायला शिकवलं होतं मी वाटेत, जुळणी, मगज, सगळं. आणि ही एवढंच बोलून थांबली. पण शेवंताला काही समजावून सांगावं लागलं नाही. मी गेल्यावर तिने मधुकरशी सगळं बोलून ठेवलं असावं. तिने एकदा बहिणीकडे बघितलं, एकदा समईकडे.

"दिवे लागले गो," ती म्हणाली. "आता इरजण देत नाय कोणी. सकाळी देते. ऱ्हा तू."

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तिन्हीसांजेनंतर दही, विरजण, मीठ घराबाहेर जाऊ देत नाहीत. लक्ष्मी जाते म्हणतात. पण सकाळी देते म्हटलं की दिलंच. यमुना तिथेच उंबऱ्यावर बसली. मधुकरने तिला हात धरून आत घेतलं. मी त्यांच्याकडे पोटभर जेवले. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. इतकं चांगलं मला फार दिवसांत लागलं नव्हतं.

सकाळी शेवंताने खरोखरच एका वाटीत विरजण काढून यमुनेच्या हातात दिलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, काढा आता त्याचं रक्त. अमोलने विचारलं की किती काढणार, कशाला काढणार. कविताला बरं करायचंय, तुझं जुळतंय का बघायचंय, असं शेवंतानेच त्याला सांगितलं. त्याने हात पुढे केला. नळ्या घेऊन मी थेट मुंबईची गाडी पकडली, बर्फ विकणाऱ्या प्रत्येक नाक्यावर पर्स पोटाशी धरून.

जुळलं. आमच्या डॉक्टरांनी फोन ठेवला आणि काही न बोलता मला पेढ्याला पैसे दिले, यावरून मला कळलं.

कविता जगली, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. पुढची वाट सोपी नव्हती. खर्च गावाने, दोन-तीन धर्मादाय संस्थांनी आणि हॉस्पिटलने मिळून उचलला. काचेआडच्या खोलीत ती कित्येक आठवडे होती. केस गेले, तोंड आलं, पांढऱ्या पेशी वर येईनात तेव्हा आमच्या सगळ्यांची झोप उडाली होती. मग एक दिवस त्या वर आल्या. पुढे वर्षभराने पेणला मी तिचा रक्तगट तपासला. आधी ओ होता, तो अमोलसारखा बी झाला होता. मला पुस्तकातून ठाऊक होतं की असं होतं, तरी मी ती तपासणी तीनदा केली, नुसती बघायला. आज ती पेणमध्ये नोकरी करते आणि माझ्याशी माझ्यासारखीच फटकळ बोलते.

सगळ्यांचं असं झालं नाही, हेही लिहिलं पाहिजे. त्याच वर्षांत हमरापूरच्या बाजूचा एक मुलगा यायचा. त्याला भावंडच नव्हतं. तो रक्त चढवत चढवत बारा वर्षांचा झाला आणि गेला. तेव्हा बाहेरच्या दात्यांची सोय आपल्याकडे नव्हती. आता आहे, नाळेतल्या रक्तातून मूळपेशी काढून ठेवतात, जनुकाचीच दुरुस्ती करायचे प्रयोग चालले आहेत असं वाचते. वाचलं की तो मुलगा डोळ्यांपुढे येतो. आपण फार लवकर जन्माला घातलं त्याला, असं त्याची आई एकदा म्हणाली होती. मला ते विसरता आलेलं नाही.

पण माझ्या कामाबद्दल कोणी विचारलं तर मी कविताचं सांगते, आणि त्यातलंही एक दृश्य सांगते. मगज काढायच्या दिवशी मी रजा घेऊन हॉस्पिटलात गेले होते. अमोलला भूल देऊन आत नेलं. बाहेरच्या बाकावर दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या होत्या. मधुकर आणि नारायण खाली चहाला गेले होते. शेवंताने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. रक्त रक्ताला हाक मारील, हे तिच्या मनातून गेलेलं नव्हतं. मी कितीही शास्त्र सांगितलं तरी ते जाणार नव्हतं, हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं.

तासाभराने नर्सने पोराला बाहेरच्या खोलीत आणलं. तो भुलीतून अर्धवट बाहेर येत होता, डोळे मिटलेलेच. आणि त्याने हाक मारली, "आई."

यमुना ताडकन उभी राहिली. आम्ही काही समजायच्या आत ती दारापर्यंत पोचली होती. शेवंता बाकावरच, पांढरीफटक, जागची हलेना. आतून पुन्हा हाक आली. यमुनेने दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली. तशीच उभी राहिली. मग तोंड फिरवून बहिणीला म्हणाली,

"ऊठ गो शेवंते. तुला हाक मारतोय."

आणि दारातून बाजूला झाली.